थंड पाण्याचा सिनेमा

जुन्या हिंदी सिनेमाच्या श्रेयनामावलीत संकलकाच्या आगेमागे कुठेतरी एक पाटी येऊन जाते. फिल्म सेंटर, रामनॉर्ड, फेमस सिने लॅबोरेटरी, बॉम्बे फिल्म लॅबोरेटरीज, यांपैकी एखादं नाव असतं. प्रेक्षक तेव्हा अंधारात आपली खुर्ची चाचपत असतो. अशाच एका लॅबच्या मेंटेनन्स खात्यात माझी नोकरी गेली. आमच्या खात्याची वेगळी पाटी कधी आली नाही आणि यायची गरजही नव्हती. पंप, हीटर, चिलर, फिल्टर आणि मैलभर भरेल एवढी नळांची जाळी, हा आमचा संसार. केमिस्टना ‘साहेब’ म्हणायचे, आम्हाला ‘पाणीवाले’.

पाणीवाल्याच्या जागेवरून सिनेमाचा इतिहास जरा वेगळा दिसतो. पुस्तकं कॅमेऱ्यापासून सुरू होतात, मग नटनट्या, मग बोलपट, मग रंग. मला विचाराल तर या मुलखात सिनेमा करणाऱ्याची पहिली साठ वर्षं पाणी थंड करण्यात गेली आणि नंतरची चाळीस ते गरम ठेवण्यात. बाकीचं त्यावर उभं राहिलं.

असं का, ते आधी सांगतो. फिल्मवरचा चित्र धरणारा थर म्हणजे जिलेटिन, आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. डेव्हलपरमध्ये गेल्यावर जिलेटिन फुगतं, रसायन आत शिरतं, आणि जिथे उजेड पडला होता तिथली चांदी काळी होऊन उभी राहते. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हचा डेव्हलपर साधारण 20-21 अंश सेल्सिअसला वापरायचा, असं त्याचे जन्मदाते सांगून गेले. ते लंडन-न्यूयॉर्कचे, त्यांच्या नळाला याहून गार पाणी येत होतं, त्यांना ते कोमट करायचं होतं. मुंबईत मे महिन्यात नळाचं पाणी 30 च्या घरात. त्या पाण्यात जिलेटिन नको इतकं फुगतं, मऊ पडतं, कडेने सुटायला लागतं. एका टाकीतून दुसरीत जाताना तापमान एकदम बदललं तर सगळ्या चित्रावर बारीक सुरकुत्यांचं जाळं उमटतं. त्यावर इलाज नाही.

आणि गोष्ट नुसती वेगाची नसते. जुन्या डेव्हलपरमध्ये दोन द्रव्यं जोडीने काम करत, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन. थंडीत हायड्रोक्विनोन जवळजवळ झोपतं, उकाड्यात फार चेकाळतं. मेटॉल त्या मानाने सरळमार्गी. म्हणजे पारा चढला की चित्र लवकर होतं एवढंच नाही, त्याचा स्वभावच बदलतो. काळं जास्त काळं होतं, मधल्या करड्या छटा हरवतात. वेळ कमी करून हे पुरतं भरून निघत नाही.

दादासाहेब फाळके 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. फाळक्यांचं चरित्र लिहिणारे इथे एक वाक्य लिहून पुढे जातात. मी इथे थांबतो, कारण हेपवर्थ हे नुसते निर्माते नव्हते. फिल्म सलग चालत राहून आपोआप धुतली जाईल अशा यंत्राचं पेटंट त्यांनी 1898 च्या सुमारास घेतलं होतं. आपल्या सिनेमाचा जनक, फिल्म धुण्याच्या यंत्राच्या आद्य जनकांपैकी एकाच्या स्टुडिओत उभा होता! फाळके परतले ते विल्यमसन कॅमेरा, छिद्रं पाडायचं यंत्र आणि धुण्या-छापण्याचं सामान घेऊन. तेव्हा कच्ची फिल्म छिद्रांशिवाय यायची. दादरच्या घरात सरस्वतीबाई फाळके ती छिद्रं पाडत, रसायनं कालवत, रात्री फिल्म धुवायला मदत करत. 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. पहिली स्त्री-तंत्रज्ञ म्हणून सरस्वतीबाईंचं नाव आता घेतात ते योग्यच आहे. फक्त त्या घरात, मुंबईच्या हवेत, कुठलंही शीतयंत्र नसताना ते जिलेटिन जागेवर राहिलं, याचं कौतुक त्यांच्या कौतुकात धरलं जात नाही. माझ्या लेखी तेच मोठं.

उष्ण देशातल्या फोटोवाल्यांकडे तेव्हा काही ठरलेल्या युक्त्या होत्या. काम रात्री किंवा पहाटे करायचं. क्रोम अ‍ॅलम किंवा फॉर्मेलिनने जिलेटिन आधी घट्ट करून घ्यायचं. डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचं, म्हणजे थर कमी फुगतो. आणि बर्फ. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नसतो, तो वितळून रसायन पातळ करतो. टाकीबाहेरच्या दुसऱ्या टाकीत ठेवायचा. हे तत्त्व, म्हणजे रसायनाच्या भोवती पाण्याचा अंगरखा आणि त्या पाण्याचं तापमान सांभाळायचं, अगदी शेवटच्या यंत्रापर्यंत टिकलं. फक्त बर्फाची जागा कॉम्प्रेसरने घेतली.

त्या काळात फिल्म लाकडी चौकटींवर गुंडाळून टाक्यांत बुडवत. चौकटीवर साधारण 200 फूट फिल्म बसे. हाताने वरखाली करायची, लाल दिव्यासमोर धरून ‘झालं’ म्हणायचं, मोठ्या फिरत्या पिंपावर वाळवायची. ‘झालं’ म्हणणाऱ्याची नजर हेच मोजमाप. खोट एकच होती: चौकटीच्या दोन्ही टोकांना जिथे फिल्म वळते तिथे रसायन वेगळं लागे, आणि पडद्यावर ठरावीक अंतराने उजेड कमी-जास्त होई. मूकपट पाहणाऱ्यांनी ते चालवून घेतलं.

बोलपटाने ही मुभा काढून घेतली. आवाज फिल्मच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्टीच्या रूपात उमटू लागला, आणि डोळा जे माफ करत होता ते कान करेना. जिथे पट्टीची घनता डगमगते तिथे आवाजही डगमगतो. हॉलिवूडमध्ये 1920 च्या दशकाच्या शेवटी चौकटी जाऊन सलग चालणारी यंत्रं सरसकट आली, त्यामागे हेच मोठं कारण. आपल्याकडे 14 मार्च 1931 ला इंपीरियल कंपनीचा ‘आलम आरा’ लागला. तो टॅनर यंत्रणेवर घेतलेला, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही एकाच निगेटिव्हवर. चित्राला एक धुणं मानवतं, आवाजाच्या पट्टीला दुसरं. पण फिल्म एकच, टाकी एकच, पाणी एकच. कुणाला तरी मधला मार्ग काढावा लागला असणार. त्या माणसाचं नाव इतिहासात नाही. सिनेमाच्या प्रतीही आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे त्याने तो कसा काढला हे कानांनी तपासताही येत नाही.

पुढचं दशक मोठ्या स्टुडिओंचं. कोल्हापुरात 1929 साली निघालेली प्रभात 1933 ला पुण्यात आली, स्वतःची लॅब घेऊन. मालाडला बॉम्बे टॉकीजने लॅबसाठी विल्हेल्म झोले हा जर्मन तंत्रज्ञच आणला होता. काळं-पांढरं काम आपल्या लोकांनी पक्कं जमवलं. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधल्या करड्या छटा पाहा, पाण्याची शिस्त दिसते.

रंगांनी मात्र आपली परीक्षा पाहिली. प्रभातने 1933 साली ‘सैरंध्री’ रंगीत करायला घेतला, त्याचं काम जर्मनीत करवून घ्यावं लागलं, आणि रंग मनासारखे आले नाहीत. ‘आलम आरा’वाल्या आर्देशीर इराणींनी 1937 साली ‘किसान कन्या’ इथेच रंगीत केला, सिनेकलर पद्धतीने. ती दोन रंगांची पद्धत, आणि तीही रुजली नाही. 1953 चा ‘झाँसी की रानी’ टेक्निकलरमध्ये झाला. 1957 चा ‘मदर इंडिया’ गेवाकलरवर चित्रित झाला आणि त्याच्या प्रती टेक्निकलरच्या निघाल्या. शेतात घाम इथला, पण पडद्यावरचा रंग परदेशी पाण्यात धुतलेला! यात देशाभिमान दुखवून घेण्यासारखं काही नाही. रंगीत फिल्ममध्ये एकावर एक तीन थर असतात आणि ते एकाच डेव्हलपरमध्ये एकाच वेळी तयार व्हायचे असतात. वरच्या थराला रसायन आधी मिळतं, तळाच्या थराला उशिरा. तापमान अर्धा अंश हललं तर तिन्ही थर सारखे हलत नाहीत. एक पुढे पळतो, आणि नायिकेचा चेहरा हिरवट किंवा जांभळट होतो. काळ्या-पांढऱ्यात ही चूक प्रिंट गडद-फिकी करून झाकता येते. रंगात ती एका बाजूने झाकली की दुसरीकडून बाहेर येते.

म्हणून 1950 च्या दशकात ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या जागा रंगीत कामाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या कपाळी मोठा खर्च होता तो शीतयंत्रांचा. सुरुवातीच्या ईस्टमनकलरचा डेव्हलपर 21 ते 25 अंशांच्या आसपास चालायचा. म्हणजे मुंबईच्या हवेशी बारा महिने उभं वैर.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत ह्युमिडिफिकेशन खात्यात होते. हवेत ओलावा कमी झाला की सूत तुटतं, म्हणून हवा ओली ठेवायची, हे त्यांचं काम. मी आयटीआयला रेफ्रिजरेशन केलं आणि लॅबला लागलो, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तूही हवापाण्यावरच जगणार.” जुने फिटर आम्हाला चिलरच्या दिवसांच्या गोष्टी सांगत. मे महिन्यात कॉम्प्रेसर बसला की मशीन बंद, आणि प्रोड्यूसरचा माणूस गेटवर.

मी लागलो तेव्हा वारं उलटं फिरलं होतं. ईस्टमन कोडॅकने 1974 साली रंगीत निगेटिव्हची नवी प्रक्रिया आणली, तिला आम्ही ‘ईसीएन-टू’ म्हणत होतो. तिचा डेव्हलपर 41.1 अंश सेल्सिअसला, फॅरनहाइटमध्ये 106. वेळ 3 मिनिटं. जिलेटिन आता कारखान्यातूनच एवढं घट्ट करून येत होतं की त्याला हा ताप सोसायचा. प्रिंटच्या नव्या प्रक्रियेचा डेव्हलपर 36.7 अंशांना, म्हणजे थेट माणसाच्या अंगाइतका. साठ वर्षं ज्या उकाड्याशी भांडलो तो एका नव्या रसायनाने निकालात काढला! मुंबईची जवळजवळ प्रत्येक दुपार 41 च्या खालचीच, त्यामुळे आता फक्त तापवायचं. मुंबई आणि लंडन पहिल्यांदा एका पातळीवर आले. माझ्या मते आपल्या लॅबच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना आहे, आणि ती कुठल्याही सिनेमाच्या पुस्तकात मला सापडलेली नाही.

सोय झाली तशी सूटही गेली. 3 मिनिटांच्या प्रक्रियेत 10 सेकंद म्हणजे बरंच काही. तापमानात मुभा 0.1 अंशाची, वर किंवा खाली. घरचा ताप मोजायचा थर्मामीटर एवढं बारीक जेमतेम दाखवतो, आणि आम्हाला शेकडो लिटर रसायन तेवढ्यात धरून ठेवायचं होतं, तेही फिल्म मिनिटाला शेकडो फुटांच्या वेगाने त्यातून पळत असताना. हे जमायचं ते रसायन सतत फिरतं ठेवून. टाकीच्या तळातून पंप ते ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, तिथून स्टीलच्या नळीतून नेतो. त्या नळीबाहेर गरम पाणी खेळत असतं. तिथे रसायन आपली हरवलेली ऊब घेतं आणि टाकीत फिल्मच्या अंगावर जोराने परततं. ऊब देणारं पाणी वेगळं, रसायन वेगळं. दोघांची गाठ फक्त पत्र्याच्या दोन बाजूंनी. हीटर सरळ रसायनात बुडवला तर त्याच्या अंगालगतचं रसायन करपतं, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

मोजण्यासाठी पाऱ्याचा थर्मामीटर लॅबमध्ये आणायला सक्त मनाई. तो फुटून पाऱ्याचा थेंब डेव्हलपरमध्ये गेला तर अख्खी टाकी गेली, पाऱ्याची नुसती वाफही फिल्मला धुकं आणते. आमच्याकडे स्टीलच्या डबीतले तबकडीवाले थर्मामीटर होते, पुढे प्लॅटिनमच्या तारेचे सेन्सर आणि आकडे दाखवणारे कंट्रोलर आले. तरी आमचे चीफ केमिस्ट सकाळी टाकीच्या झाकणावर हात ठेवून म्हणायचे, “आज अंग गरम आहे हिचं.” त्यांचा हात आणि कंट्रोलरचा आकडा यांच्यात वाद झाला तर आधी सेन्सर काढून पाहायचा, असा अलिखित नियम होता.

खरा न्याय स्ट्रिपचा. सकाळी यंत्र तासभर फिरवून तापवायचं, मग कारखान्यातून ठरावीक उजेड देऊन आलेली एक छोटी पट्टी त्यातून काढायची. घनता मोजणाऱ्या डेन्सिटोमीटरवर तिचे तांबडे, हिरवे, निळे आकडे वाचायचे आणि भिंतीवरच्या तक्त्यावर तीन ठिपके मांडायचे. ठिपके रेषांच्या आत असतील तरच लोकांची निगेटिव्ह आत जाणार. “स्ट्रिप आली का?” हा दिवसाचा पहिला प्रश्न असायचा, चहाच्याही आधी. कुणाच्या तरी लाखो रुपयांच्या शूटिंगची एकमेव निगेटिव्ह; ती परत घेता येत नाही. वर्षानुवर्षांचे हे तक्ते म्हणजे लॅबची जन्मपत्रिका. कुठल्या महिन्यात पंप थकला, कधी थर्मोस्टॅट चिकटला, सगळं त्या ठिपक्यांत वाचता येतं.

आता फिल्टर. तापमान चुकलं तर रंग बिघडतो. कचरा चुकला तर प्रेक्षकाला तो थेट दिसतो. हिशोब करून पाहा. 35 मिलिमीटर फिल्मवरचं चित्र साधारण 21 मिलिमीटर रुंद. पडदा 12 मीटरचा धरला तर चित्र साडेपाचशे पटींहून जास्त मोठं होतं. 10 मायक्रॉनचा कण, जो डोळ्याला दिसतही नाही, तो पडद्यावर साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्याएवढा होतो. निगेटिव्हवर चिकटला तर प्रत्येक प्रतीत, प्रत्येक थिएटरात, मीनाकुमारीच्या डोळ्याशेजारी पांढरा ठिपका बनून जन्मभर राहतो. म्हणून रसायनांसाठी 10 मायक्रॉनच्या आसपासची कार्ट्रिज वापरायची. पॉलिप्रॉपिलीनच्या दोऱ्याची घट्ट गुंडाळी असते ती, बाहेरून आत रसायन जातं आणि घाण दोऱ्यात अडकते. जुन्या काळी हेच काम कापडाच्या गाळणीने आणि टाकीत रात्रभर निवळत ठेवून व्हायचं.

घाण येते कुठून? बरीचशी फिल्मच आणते. रंगीत निगेटिव्हच्या पाठीला काजळीचा काळा थर असायचा, उजेड परतून येऊ नये आणि कॅमेऱ्यात ठिणगी पडू नये म्हणून. पहिल्या टाकीत तो मऊ करायचा आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली ब्रशने काढून टाकायचा. तो काढणारा भाग नीट नसेल तर काजळी चित्राच्या बाजूला जाऊन बसते. दुसरी घाण पाण्याची. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की नळाचं पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं आणि फिल्टर भराभर तुंबायचे. तुंबलेला फिल्टर नुसता कचरा सोडत नाही, प्रवाह कमी करतो. प्रवाह कमी झाला की ऊब पोचत नाही. ऊब पोचली नाही की तक्त्यावर निळा ठिपका खाली घसरतो. केमिस्ट रसायनात खोट शोधत बसायचे आणि मी फिल्टरच्या दोन बाजूंचे दाबाचे काटे बघून सांगायचो, “साहेब, कार्ट्रिज बदलू द्या.” ताप आणि गाळणी ही दोन वेगळी खाती आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी पावसाळ्यात लॅबमध्ये काम केलेलं नाही.

उन्हाळ्याचं दुखणं निराळं. पाणीकपात झाली की टँकर मागवावा लागे, आणि टँकरचं पाणी विहिरीचं, जड. धरणाचं पाणी हलकं, त्याने यंत्रं सुखात राहत. जड पाण्याने नळ्यांच्या आत खडूसारखा थर बसतो आणि ऊब अडते. फिल्म वाळल्यावर तिच्यावर पांढरे डाग राहतात. त्यासाठी पाणी मऊ करायच्या राळेच्या टाक्या बसवाव्या लागल्या. वाळवायच्या कपाटाची हवाही गाळून आणि मोजून द्यायची. जुलैमध्ये हवेतच एवढं पाणी, की फिल्म वाळता वाळेना. जोराने गरम हवा मारली तर ती आखडून वाकडी होणार.

कॅमेरे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी 2011 च्या सुमारास फिल्म कॅमेरे बनवणं थांबवलं. 2012 च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजीने 2013 मध्ये सिनेमाच्या चित्रीकरणाची फिल्म बनवणं बंद केलं. आपल्याकडे थिएटरं त्याच सुमाराला डिजिटल झाली, आणि दिवसाला लाखो फूट प्रिंट काढणारी यंत्रं एका-दोन वर्षांत थंड पडली. थंड पडली ती कायमची. टाक्या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या होत्या, किलोवर गेल्या. ब्लीचच्या टाकीतले टायटॅनियमचे भाग भंगारवाल्याने ओळखले नाहीत, ते स्टीलच्याच भावात गेले.

याचं मला फारसं वाईट वाटत नाही. यंत्र भंगारात जातंच. पण स्ट्रिपचे तक्ते, शिफ्टच्या वह्या आणि फिल्टर बदलल्याच्या नोंदी रद्दीत गेल्या, हे चुकलं. आज पुण्यात आणि इतरत्र जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून सिनेमे नव्याने उजळण्याचं काम चाललं आहे. रंग विटला आहे तो काळाने की मुळात त्या दिवशी डेव्हलपर घसरला होता म्हणून, हे त्या वह्याच सांगू शकतात. तुमच्या घरात कुणी मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा मद्रासच्या फिल्म लॅबमध्ये नोकरीला होतं का, आठवून पाहा. माळ्यावर त्यांची डायरी, रसायनांची वही, ठिपक्यांचे तक्ते असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे नेऊन दाखवा.